मुंगी न शिरणारी शिवण

मनातल्या मनात एका स्टुलावर उभे राहा. आता खाली उडी मारायची आहे, पण अट अशी की गुडघे वाकवायचे नाहीत. पाय काठीसारखे ताठ. नुसत्या विचारानेच टाचांत कळ आली की नाही? खरोखर करून पाहू नका, टाचा तुमच्याच आहेत. आता तीच उडी गुडघे वाकवून मारा. काही झालं नाही. स्टूल तेच, उंची तीच, वजनही तेवढंच. बदलला तो फक्त थांबायला लागलेला वेळ. पहिल्या वेळी तुम्ही पापणी लवायच्या आत थांबलात, दुसऱ्या वेळी जरा सवडीने. एवढ्याशा सवडीत काय काय मावतं, ते आता बघा.

एक मुलगी होती. बारा वर्षांची, चाळीस किलोंची, आणि अंगापेक्षा पायच जास्त. शाळेत तिला सगळे नाकतोडी म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रडली होती. उंच उडीत पहिली आल्यावर तेच नाव तिने स्वतःच्या हाताने वहीवर लिहिलं.

तिची आई गाद्या शिवायची. रस्त्याला लागून एक लांबट खोली होती. पुढच्या भागात फोमचे ताव छताला टेकलेले, मागे शिवायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली दाभणं, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेच्या रांगेसारखी. बाबांचं काम फिरतीचं, महिन्यातले चार दिवस घरी. दुकानाचा गाडा आईच ओढायची. आपल्या कामाबद्दल तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माझ्या शिवणीतून मुंगीसुद्धा जाणार नाही." कोणी शंका काढली तर ती म्हणायची, "मुंगी घेऊन या, बघू." आजवर कोणी आणली नव्हती.

तिचा एक नियमही होता. शिवण चुकली तर कात्री लावायची नाही. एकेक टाका उसवायचा आणि निघालेला दोरा बोटाला गुंडाळून ठेवायचा. "दोऱ्याची काय चूक?" ती म्हणायची.

शाळेची उंच उडीची गादी म्हातारी झाली होती. दहा वर्षं पोरं झेलून झेलून तिचं वरचं रेक्झिन तडकलं होतं आणि आत पाणी जात होतं. खेळाच्या सरांनी नाकतोडीच्या आईला बोलावलं. तिने टेप लावून मापं घेतली, मग वाकून गादीच्या दोन्ही बाजू पाहिल्या. तिथे रेक्झिनऐवजी जाळी होती.

"ही कोणी शिवली होती?" तिने विचारलं.

"माझ्या आधीपासून आहे," सर म्हणाले.

"कापड कमी पडलेलं दिसतंय. जाळी लावून वेळ मारून नेलीय. मी अशी अर्धी कामं करत नाही."

सरांना उड्या कळत होत्या, कापड कळत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

पुढचे दहा दिवस आईने दुसरं काम हातात घेतलं नाही. नवा फोम आणला, तळहाताला जाडसर लागणारं निळं रेक्झिन आणलं आणि चारही बाजू दुहेरी टाक्याने बंद केल्या. शिवून झाल्यावर नेहमीच्या पद्धतीने तिने गादीवर गुडघा टेकला, सावकाश भार दिला, सावकाश काढला. गादी दबली आणि पुन्हा फुगून जागेवर आली. "बघ," ती लेकीला म्हणाली, "गादी अशी पाहिजे. दाबली तर दबेल, पण रुसून बसणार नाही." त्याच आठवड्यात तिने दुकानाची पाटी रंगवून घेतली. 'गाद्या व उशा' होतं, त्याखाली आता 'खेळाचे साहित्य' आलं. 'त्य' लिहिताना जागा संपली म्हणून ते अक्षर जरा अंग चोरून उभं होतं.

सोमवारी गादी मैदानावर आली.

"नाकतोडे, पहिला मान तुझा," सर म्हणाले. "गादी घरची, उडीही घरचीच होऊ दे."

ती धावली, उडाली, आडव्या दांडीवरून पाठमोरी पलीकडे गेली आणि पाठीवर पडली. गादीने तिला झेललं आणि लगेच परत वर फेकलं. दात दातांवर आपटले, मध्ये जीभ सापडली. कानाशी एक बारीक शिट्टी वाजल्यासारखी वाटली. ती दुसऱ्यांदा गादीवर आली तेव्हा तोंडात रक्ताची चव होती.

मैदानाच्या कडेला आई उभी होती. "कशी आहे?" तिने विचारलं.

नाकतोडीने ओठ मिटले, गिळलं आणि म्हणाली, "छान आहे."

आई हसली नाही, ती सहसा हसत नसे. पण तिने पदराने गादीच्या कोपऱ्यावरची धूळ पुसली. तिच्या बाबतीत ते हसण्यापेक्षा जास्त होतं.

संध्याकाळी नाकतोडी चहा निववत बसली.

"चहा गार का करतेस?" आईने विचारलं.

"असाच आवडतो."

"कधीपासून?"

नाकतोडीने कपावर आणखी एक फुंकर घातली.

दोन शब्द बोलून गेलं की ते मागे घेता येत नाहीत, हे खरं. पण नाकतोडीला खरी काळजी वेगळीच होती. शनिवारी सकाळी शाळेच्या स्पर्धा होत्या आणि यंदा पहिल्यांदाच चौथीची मुलं उंच उडीत उतरणार होती. बावीस जण. पडताना हनुवटी छातीला लावायची, हे त्यांना सरांनी शिकवलं होतं आणि ती पोरं दर वेळी विसरत होती. जी गादी तिची जीभ चावायला लावते, ती त्यांच्या मानेचं काय करेल? आणि हे सांगायचं, तर आईच्या पाटीवरचा रंग अजून पुरता वाळलाही नव्हता.

कदाचित गादी ठीकच असेल. कदाचित आपणच वेड्यावाकड्या पडलो असू. हे कसं ठरवायचं, ते विचारायला ती मंगळवारी मामाकडे गेली.

मामा ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होता. रस्त्याच्या पातळीला बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा, शेजारी काचेची खोली, खोलीत मामा आणि लाल आकड्यांची पेटी.

"या नाकतोडीबाई. किती टन?"

"मामा, मला वजन नाही करायचं."

"करून उपयोगही नाही. या काट्याला पन्नास किलोंच्या खालचं दिसत नाही. तू आणि चिमणी यांच्यात तो फारसा फरक करत नाही." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "बोलताना जिभेला जपतेयस. कोणी चावली?"

"मीच."

तिने सगळं सांगितलं. ती सांगत असतानाच एक ट्रक जोरात काट्यावर आला आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. लाल आकडा चौदा टनांवरून सोळावर उडाला, खाली आला, डुलला आणि चौदावर स्थिरावला.

"पाहिलंस?" मामा म्हणाला. "क्षणभर दोन टन वाढले. ट्रकने वाटेत काही खाल्लं का?"

"थांबताना धक्का बसला."

"बसलाच. जेवढ्या घाईने थांबशील तेवढा मोठा. मोजायचं असेल तर तीन गोष्टी आण. तुझं वजन, पडतानाचा वेग आणि थांबायला लागलेला वेळ. वजन गुणिले वेग, भागिले वेळ. ते झालं थांबवणारं सरासरी बळ. त्यात तुझा रोजचा भार मिळव, कारण तू पडतेस तेव्हा पृथ्वी काही सुट्टीवर जात नाही."

वेग मिळवणं अवघड नव्हतं. उंच उडीच्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणा होत्या. पाठ गादीच्या वर ऐंशी सेंटिमीटरपर्यंत जायची आणि तिथून खाली यायची. ऐंशी सेंटिमीटरवरून पडणारी वस्तू खाली पोचेपर्यंत सेकंदाला सुमारे चार मीटर वेग घेते, मग ती वस्तू दगड असो की नाकतोडी. वेळेसाठी मामाने आपला मोबाइल दिला. त्यात हळू दिसणारं चित्रण होत असे, एका सेकंदाच्या एकशेवीस फ्रेम.

बुधवारी सरांनी जुनी आणि नवी गादी शेजारी शेजारी मांडू दिली. मोबाइल विटांवर टेकवला. तिने दोन्हींवर तीन तीन उड्या मारल्या आणि वही घेऊन मामाच्या काचेच्या खोलीत जाऊन बसली. मामा ट्रकवाल्यांत गुंतला होता. ती एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजत राहिली.

जुनी गादी. पाठ टेकल्यापासून शांत होईपर्यंत चोवीस फ्रेम. म्हणजे शून्य पूर्णांक दोन सेकंद. चाळीस गुणिले चार, एकशेसाठ. भागिले शून्य पूर्णांक दोन, आठशे. त्यात रोजच्या भाराचे, किलोला दहा धरून, चारशे. एकूण बाराशे न्यूटन.

नवी गादी. पाठ टेकल्यापासून सुटेपर्यंत चोवीस फ्रेम.

तिने पुन्हा मोजलं. चोवीस. तिसऱ्यांदा मोजलं. चोवीसच. बाराशे आणि बाराशे, बरोबरी. तिने पेन्सिल खाली ठेवली, वही मिटली आणि घरापर्यंत जवळजवळ पळत गेली. आई काम करत होती. नाकतोडीने स्वतःहून दोघींचा चहा केला, आणि इतक्या आनंदात होती की गरम चहाचा मोठा घोट घेतला.

जीभ भाजली नाही, झोंबली. चावल्याच्या जागी, अगदी सोमवारसारखी.

ती कप हातात धरून उभी राहिली. वही म्हणत होती की दोन्ही गाद्या सारख्या. जिभेला ते गणित मान्य नव्हतं. आणि या दोघींपैकी गादीवर पडली होती ती जीभ, वही नव्हे.

गुरुवारी ती परत काट्यावर गेली. मामाने वही उघडलीच नाही. त्याने चित्रण दोनदा पाहिलं आणि विचारलं, "कुठून कुठवर मोजलंस?"

"टेकल्यापासून सुटेपर्यंत."

"जुन्या गादीवरून सुटलीस कुठे?"

"नाही. तिथे थांबलेच."

"आणि नव्या?"

"उसळले."

"वर कोणी फेकलं? मी?"

नाकतोडीने वही स्वतःकडे ओढली.

"चोवीस फ्रेममध्ये जुनीने एक काम केलं," मामा म्हणाला. "तुला थांबवलं. नवीने तेवढ्याच वेळात दोन कामं केली. थांबवलं आणि वर भिरकावलं. तू तिला एकाच कामाचं श्रेय दिलंस."

तिने पेन्सिल उचलली. उसळून ती किती वर गेली? खांबावरच्या खुणेप्रमाणे वीस सेंटिमीटर. तेवढं वर जायला सेकंदाला दोन मीटर वेग लागतो. खाली येतानाचे चार गेले आणि वर जाणारे दोन आले, म्हणजे वेगात सहाचा बदल. चाळीस गुणिले सहा, दोनशे चाळीस. भागिले शून्य पूर्णांक दोन, बाराशे. वर रोजचे चारशे. सोळाशे.

"खात्री कर," मामा म्हणाला. "फक्त खाली दबेपर्यंतच्या फ्रेम मोज."

सोळा निघाल्या. सोळा फ्रेममध्ये चारचा वेग शून्य. भागाकार केला, पुन्हा बाराशे आले. चारशे मिळवले, पुन्हा सोळाशे. दोन वाटांनी जाऊन ती त्याच गावाला पोचली होती, आणि ते गाव तिला नको होतं.

"जुनीपेक्षा चारशे न्यूटन जास्त," ती म्हणाली. "म्हणजे चाळीस किलोंचा भार."

"चाळीस किलो म्हणजे कोण?"

"मी."

"म्हणजे दर उडीला तुझ्या अंगावर आणखी एक नाकतोडी येऊन बसते."

बाहेर ट्रकने भोंगा वाजवला. मामाने हाताने थांब म्हणून खूण केली.

"काल मी उसळणं का धरलं नाही?" तिने विचारलं.

"हवं ते उत्तर आलं की पेन्सिल ठेवायची घाई होते. मलाही होते. पण तू आज परत आलीस."

"आईला तू सांग ना. तुझी बहीण आहे."

"बहीण आहे म्हणूनच नाही. ती दहा वर्षांची असताना तिच्या भरतकामाला मी कोळिष्टक म्हणालो होतो. आज तिला मुलगी आहे, दुकान आहे, आणि अजून मला गादी शिवून दिलेली नाही. मी चटईवर झोपतो." त्याने मोबाइल तिच्या हातात ठेवला. "हा शनिवारपर्यंत तुझ्याकडे राहू दे."

शुक्रवारी दुपारी आई गादी उचलायचे पट्टे लावायला शाळेत आली. मैदान रिकामं होतं. भिंतीशी जुनी गादी उभी करून ठेवली होती. संध्याकाळी गाडी येऊन ती नेणार होती. सर चुन्याने रेघा मारत होते. नाकतोडी वही घेऊन आईसमोर उभी राहिली आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणाली, बाराशे, सोळाशे, चोवीस फ्रेम, दुसरी नाकतोडी.

आईने दाभणात दोरा ओवला. "वही मिट. मला गादी कळते."

तिने गादीवर गुडघा टेकला. सावकाश भार दिला. गादी सावकाश दबली. "कुठे टणक आहे? दाखव."

"तू हळू दाबतेस, आई. मी हळू पडत नाही."

आईचा गुडघा तिथेच राहिला. मग ती बाजूला झाली. "पड," ती म्हणाली.

नाकतोडी धावली, उडाली, पडली, उसळली. या वेळी तिने जीभ आत ओढून घेतली होती.

आईने गादीकडे पाहिलंच नाही. तिने मान तिरकी केली होती, शिवणयंत्राचा आवाज बिघडला की करायची तशी. "शिट्टी कसली?"

"दर वेळी वाजते."

"परत पड."

दुसऱ्या वेळी आई कडेला गुडघ्यांवर बसली होती, तळहात शिवणीवर पसरून. तिसऱ्या वेळी तिने गालच शिवणीला लावला.

"सुईच्या भोकांतून हवा येतेय," ती म्हणाली. "आतल्या हवेला जायला वाट नाही. गुडघ्याने हळू दाबलं की झिरपत निघून जाते. आपटलं की अडकते." ती उठली आणि जुन्या गादीपाशी गेली. जाळीवर तिने दोन बोटं दाबून पाहिली. "कापड कमी पडलं नव्हतं तर."

सरांनी चुना मारणं थांबवलं होतं. "काही अडचण आहे का?"

"गाडीवाल्याला सांगा, उद्या ये," आई म्हणाली. "या गादीची जाळी मला हवीय. आणि सकाळी पोरं येईपर्यंत नवीवर कोणालाही पडू देऊ नका."

सर फोन करायला गेले. आई लेकीकडे वळली.

"सोमवारी छान आहे म्हणालीस."

"हो."

"जीभ दाखव."

नाकतोडीने दाखवली. आईने उजेडाकडे तोंड वळवून नीट पाहिली, जसं ती कापडातली उसवण पाहायची.

"खोटं बोलून काय वाचवलंस?"

"पाटी."

"पाटीला काय, रंग फासता येतो." तिने पिशवीतून उसवायची बारीक सुरी काढली, क्षणभर हातात धरली आणि लेकीपुढे केली. "मी जाळी सोडवते. नवीच्या बाजू तू उसव. दोन्ही. या शिवणीवर माझा हात उठायचा नाही."

एवढं बोलून ती नव्या गादीकडे पाठ फिरवून बसली आणि जाळीचे टाके काढू लागली.

नाकतोडीने आधी मोबाइल सरांच्या खोलीत चार्जिंगला लावला, कारण जाळी बसल्यावर पुन्हा मोजायचं होतं. मग ती परत आली, गादीच्या कडेला मांडी घालून बसली आणि बोटांनी चाचपत शिवणीची सुरुवात शोधू लागली. आईने गाठ इतकी आत दडवली होती की ती सापडायला वेळ लागला. तिने सुरीचं टोक गाठीखाली घातलं. पहिला टाका सुटला, दुसरा सुटला, आणि दहाव्या टाक्याला आतली कोंडलेली हवा हलकेच तिच्या मनगटावर आली. तिने कुठेही कापलं नाही. निघालेला दोरा ती डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळत गेली, वेढ्याला वेढा लावून, आईला परत द्यायचा म्हणून.